आम्हा बापड्यांसाठी

खुरिसाला कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट लावलाय, आणि पायरीसुद्धा सोडलेली नाही. मी रिक्षातून उतरले, जुन्या सवयीने पायरीवर टेकले आणि उठले तेव्हा पाठीमागे हा एवढा चंदेरी पट्टा. देवळात जायला म्हणून नेसलेली चांगली साडी, तिची वाट लागली. समोरच्या गॅलरीतून एक बाई म्हणाली, आंटी, रंग ओला आहे. कळलं गं बाई, आता कळलं.

खुरीस म्हणजे क्रूस. मालाडच्या या गावठाणात आम्ही ईस्ट इंडियन लोक क्रुसाला खुरीस म्हणतो आणि चर्चला देऊळ. मी इथलीच, लग्न होऊन बोरिवलीला गेले. आज आले ती नाताल मावशीच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला. मावशी जाऊन महिना झाला. नव्वदीला टेकली होती, शेवटपर्यंत दात स्वतःचे आणि जीभही स्वतःची. नाताळच्या दिवशी जन्मली म्हणून नाव नाताल. माझी सख्खी मावशी नव्हे, पण गावठाणात जी बाई तुम्हाला कान धरून घरी आणू शकते ती मावशीच असते.

मिस्सेला अजून तासभर आहे. ओल्या रंगाचा वास नाकात बसलाय, आणि त्या वासाने मला सरळ उचलून पंधराव्या वर्षात नेऊन ठेवलंय. त्या वर्षीही असाच ओला रंग होता, फक्त पांढरा, आणि तो मावशीने स्वतः लावला होता, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, स्टुलावर उभं राहून, खाली उभ्या असलेल्या फादरशी भांडत.

भांडणाचं कारण एवढंच होतं की रस्ता रुंद होणार होता आणि खुरीस मधे येत होता. फादर म्हणत होते, हलवू या, देवळाच्या आवारात छान जागा देतो. मावशीच्या आजोबांनी प्लेगच्या साथीत हा खुरीस उभा केलेला. घरातली चार माणसं पुरून आले आणि ज्या कोपऱ्यावर तिरड्या टेकवायचे तिथेच दगड रचायला घेतला, असं ती सांगायची. तो कोपरा सोडून खुरीस दुसरीकडे गेला तर तो नुसता दगड, असं तिचं म्हणणं. फादर शांत माणूस. ते म्हणाले, मावशी, मी म्युनिसिपालटीच्या ऑफिसात जाऊन भांडीनही, पण साहेब विचारतील की इथे रोज प्रार्थना होते का. मी काय सांगू? सणाला हार चढतो आणि वर्षभर कावळे बसतात, हे सांगू?

हे मावशीला झोंबलं. तिने ब्रश डब्यात टाकला आणि विचारलं, रोज म्हणजे किती रोज? फादर म्हणाले, काम सुरू व्हायला वर्ष आहे. वर्षभर एकही दिवस न चुकता इथे रोजरी झाली तर मी तुमच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहीन. चुकली तर तुम्ही माझ्याशी भांडायचं नाही. मावशीने रंगाच्याच हाताने कपाळावर क्रुसाची खूण केली. कपाळ आठवडाभर पांढरं होतं.

पहिल्या संध्याकाळी अख्खं गावठाण लोटलं. आमच्याकडे रोजरी संपली की उकडलेले चणे वाटायची रीत, वर ओल्या खोबऱ्याचे काप. मावशीने टोपभर चणे आणले होते. प्रार्थना संपली, टोपावरचं झाकण निघालं, वाफ वर आली, आणि त्याच वेळी मावशीने मोठ्याने काहीतरी विचारलं. मी आपली चण्यांकडे बघत होते. चणे कोणाला पाहिजेत, असं विचारलं असणार म्हणून मी हात वर केला. एकटीने. मग बघते तर सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतायत आणि आईने डोळे पुसले. मावशीने विचारलं होतं, वर्षभर रोज कोण येणार?

अशी मी भक्त झाले. आईला खरं सांगायची हिंमत मला पुढची वीस वर्षं झाली नाही.

रोजरी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. जपमाळेचे पन्नास मणी, प्रत्येक मण्याला मरियेची एक प्रार्थना. त्या प्रार्थनेचे दोन तुकडे. पहिला तुकडा पुढारी म्हणतो, दुसरा सगळे मिळून. पुढारी म्हणजे सुरुवात करणारा, बाकीचे जबाब देणारे. मावशी सुरुवात करायची आणि तो मान तिने कुणाला दिला नाही. ती आमच्याकडे पाठ करून, तोंड खुरिसाकडे करून बसायची. आवाज बारीक आणि वेग असा, की आमचा आमेन हवेत असतानाच ती पुढच्या मण्यावर. श्वास घ्यायला फक्त दहा मण्यांनंतर मिळायचा.

काय दिवस होते ते. ईस्टरच्या आधीचा उपासकाळ होता तोवर गर्दी टिकली. घराघरांतून भाकऱ्यांचा वास यायचा, मेणबत्त्या वाऱ्याने एका अंगाला वितळायच्या, आणि आम्ही मुली खाली पडलेलं गरम मेण बोटांच्या टोकांवर घेऊन टोप्या करायचो. मे महिन्यात बाटलीच्या मसाल्याचे, म्हणजे वर्षाचा मसाला कांडून बाटल्यांत भरायचे दिवस आले. मसालेवाल्या बायका खुरिसाच्या मागच्या अंगणात मिरच्या भाजायच्या, तिघी-तिघी मिळून उखळीत कांडायच्या, आणि वारा नेमका आमच्याकडे. पवित्र मरिये म्हणायला तोंड उघडावं आणि शिंक यावी. तीस माणसं एकदम शिंकतायत आणि मावशी एकटी न शिंकता पुढे चाललीय. नंतर कळलं की ती नाकात कापसाचे बोळे घालून यायची आणि कुणाला सांगायची नाही. मला त्याचा आजही राग आहे.

मग गर्दी ओसरली. कुणाचे पाहुणे आले, कुणाचे गुडघे धरले, कुणाकडे टीव्ही आला. गणपतीच्या सुमारास आम्ही सात जण होतो, ऑक्टोबर उजाडला तेव्हा चार, आणि नाताळचे फुगे, आमचे ते गोल गोडसर पाव, तळायची घाई सुरू झाली तेव्हा दोघी. मावशी आणि मी. मी जायचे ते भक्तीने नव्हे. आमचं दार खुरिसासमोर होतं आणि सातला पाच मिनिटं कमी असताना मावशी येऊन दारातून नुसतं बघायची, म्हणून जायचे. दोघींची रोजरी म्हणजे पळता येत नाही. तीस जणांत एकाने ओठ हलवले नाहीत तरी चालतं. दोघींत तुम्ही गप्प बसलात की प्रार्थना अर्ध्यात लोंबकळते. मी जांभई दिली की मावशी थांबायची, जांभई पुरी होईपर्यंत वाट बघायची आणि मग सुरुवात करायची. असा अपमान मला पुढे कुठल्याही साहेबाने केला नाही.

आणि तरी सांगते, त्या दोन महिन्यांसारखी शांतता मला परत मिळाली नाही. थंडीत रस्ता लवकर निवायचा. पायरीचा दगड गार, पायांत आईचे मोजे, एक मेणबत्ती, तिची सुरुवात, माझा जबाब. देव वगैरे मला काही दिसला नाही. पण पन्नासाव्या मण्याला येईपर्यंत शाळेत झालेलं भांडण, गणितातले मार्क, सगळं आपोआप लहान झालेलं असायचं. हे मी तेव्हा मावशीला सांगितलं नाही, डोक्यावर बसली असती.

तिसरी बाई आमच्यात नव्हती, पण आमच्या समोर होती. हिराबाई. मढची कोळीण, एकवीरेची भक्त, तिशीची असेल. संध्याकाळी पाचला रस्त्याच्या पलीकडे पाटी मांडायची आणि मासळी संपेपर्यंत बसायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांत अबोली, आवाज असा की पुढच्या गल्लीतल्या मांजरालाही कळायचं बोंबील आलेत. मावशी आणि तिचं रोज वाजायचं. मावशी म्हणायची, तुझ्या मासळीच्या वासाने माझ्या मेणबत्त्या विझतात. हिराबाई म्हणायची, तुमच्या देवाच्या सोबतची मानसं मासेवालीच होती ना, तुम्हीच सांगितलंत. त्यावर मावशी दोन पापलेटं घ्यायची.

वर्ष भरायला तीन आठवडे राहिले होते आणि मी घोटाळा केला.

चुलत बहीण म्हणाली, मढला एका बंगल्यात शूटिंग आहे, हिरो आलाय, चल. दुपारची वेळ, चारपर्यंत परत येऊ म्हटलं. गेलो. बंगल्याच्या फाटकाला चिकटून तीन तास उभ्या राहिलो. हिरो म्हणून जो बाहेर आला तो हिरोच्या जागी उड्या मारणारा माणूस निघाला, तरी आम्ही त्याची सही घेतली. मग बस येईना. आली ती भरलेली, पुढच्या स्टॉपवर बंद पडली. सात वाजले तेव्हा मी मालवणीच्या आसपास कुठेतरी दुसऱ्या बसच्या दांडीला लटकून रडत होते. बहिणीला वाटलं मी आईला घाबरतेय. मी आईला घाबरत नव्हते. डोळ्यांसमोर फक्त एवढंच दिसत होतं की मावशीने सुरुवात केलीय आणि पुढे कुणी काहीच बोलत नाहीये. तीनशेचाळीसच्या वर संध्याकाळी आणि माझ्या एका शूटिंगने खुरीस जाणार.

स्टॉपवरून धावत सुटले. साडेसात होऊन गेले असतील. गल्लीच्या तोंडाशी आले आणि थबकले. मावशीचा बारीक आवाज नेहमीच्याच वेगाने चालला होता. तो थांबला, आणि पाठोपाठ दुसरा आवाज उठला, बोंबील विकणारा, सगळी गल्ली भरून टाकणारा. पाटीवर ओलं फडकं टाकून हिराबाई मावशीच्या मागे मांडी घालून बसली होती आणि माझे जबाब देत होती. एक शब्द न अडखळता.

म्हणजे एकच शब्द सोडून. आमच्या जबाबात आम्हा पापी माणसांसाठी विनंती कर, असं येतं. हिराबाई म्हणत होती, आम्हा बापड्या माणसांसाठी. प्रत्येक मण्याला. बापड्या माणसांसाठी.

मी मागे जाऊन बसले. उरलेले मणी आम्ही दोघींनी मिळून म्हटले, ती बापड्या, मी पापी. संपल्यावर हिराबाईने हात जोडले आणि उठून पाटीवरचं फडकं पिळलं. मी विचारलं, तुला हे येतं कसं? ती म्हणाली, वरीस झालं ऐकते. मावशीचं तोंड तिकडे, तिचं काय ऐकू येत नाय. तुम्ही लोक वरडता तेवढं येतं. खरंच, तिला फक्त जबाब यायचे. सुरुवातीतला एक शब्द ठाऊक नव्हता. अर्धीच प्रार्थना, पण ती अर्धी पक्की.

मी शहाणी. जीव भांड्यात पडल्याबरोबर अक्कल शिकवायला लागले. म्हटलं, बापड्या नाही गं, पापी. चुकीचं म्हणतेस तू. हिराबाई जरा ओशाळली. म्हणाली, "मला वाटलं बापडेच असेल. रोज बघते ना तुम्हाला. पापी कशाला असाल, बापडीच दिसता."

मावशी मेणबत्तीचं मेण खरवडत होती. तिने वर बघितलं नाही. मी तिला हळूच विचारलं, आजचा दिवस धरायचा का? मी नव्हते, हिराबाई आपल्यातली नाही, शब्दही चुकीचा. फादर मानतील?

"फादरने रोज होते का विचारलं होतं," मावशी म्हणाली. "कोण येतं ते नाय विचारलं. आणि चूक काय म्हणाली ती? तू आज काय आहेस, पापी की बापडी?"

नाक लाल, फ्रॉक फाटलेला, हातात उड्या मारणाऱ्या माणसाची सही.

शेवटच्या दिवशी फादर आले. बातमी फिरली होती, त्यामुळे ज्यांचे गुडघे धरले होते तेही आले. फादरनी विचारलं, एकही दिवस चुकला नाही? हो म्हणून मोकळी झाली असती. पण मावशीला खोटं येत नव्हतं आणि लाज तर तिला माहीतच नव्हती. तिने सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, ही एक दिवस हिरो बघायला गेली होती, त्या दिवशी जबाब हिने दिले. आणि बोट रस्त्यापलीकडे वळवलं. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मागून कुणीतरी कुजबुजलं, कोळणीने रोजरी म्हटली, ती कशी चालेल. वर्षभर मी चुकून वर केलेला हात वागवत होते, पण त्या क्षणी मला तो खुरीस त्या कोपऱ्यावर हवा होता, माझ्यासाठी हवा होता.

फादर रस्ता ओलांडून हिराबाईकडे गेले. ती गिऱ्हाईक करत होती, हात खवल्यांनी भरलेले. ते तिच्या पाटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात म्हटली. मोठ्याने, हळू. हिराबाईने सुरी खाली ठेवली आणि जबाब दिला. बापड्या माणसांसाठी. दोघीतिघी हसल्या. फादर हसले नाहीत आणि सुधारायलाही गेले नाहीत. त्यांनी परत सुरुवात केली, तिने परत जबाब दिला. असे दहा मणी. गिऱ्हाईक बिचारं पिशवी धरून उभं. मग फादर म्हणाले, बास, मला साहेबांना सांगायला एवढं पुरे.

खुरीस राहिला. रस्ता त्याला वळसा घालून गेला आणि त्या वळणावर आजही टेम्पोवाले शिव्या घालतात.

मावशीने रोजरी थांबवली नाही. फादरचं वर्ष संपलं, तिचं संपलं नाही. चाळीस वर्षं ती रोज सातला तिथे होती. माझं म्हणाल तर मी सहा महिने गेले, मग कॉलेज, मग नोकरी, मग बोरिवली. बोरिवली काय लंडनला आहे का? बसने अर्धा तास. पण मी सणाची झाले, रोजची राहिले नाही. सकाळी चालायचा नेम चार दिवस, साखर सोडायचा नेम नाताळपर्यंत. नेम धरणं सोपं असतं, पुढच्या मंगळवारी तो धरून ठेवणं अवघड असतं, हे मला मावशीकडे बघून कळायचं आणि घरी गेल्यावर विसरायला व्हायचं.

मिस्सा झाली. देवळात सगळे मावशीबद्दल चांगलं बोलले, ती असती तर वैतागली असती. सातच्या सुमाराला दहाबारा जण खुरिसाकडे आलो. रंग जरा सुकला होता. कुणीतरी मेणबत्ती लावली. सगळे बसले, माळा हातात घेतल्या, आणि गप्प. मला वाटलं कुणाची तरी वाट बघतायत. पाच मिनिटं झाली. एक हॉर्न वाजून गेला. कुणी खाकरलं.

हिराबाई रस्ता ओलांडून आली. आता सत्तरीची, पाटीवर सून बसते, ही शेजारी खुर्चीत. माझ्याजवळ वाकून म्हणाली, महिना झाला, असंच चाललंय. मेणबत्ती लावतात, गप बसतात, घरी जातात.

म्हटलं, का? प्रार्थना सगळ्यांना येते की.

"येते. पण ज्याने सुरुवात केली त्याला उद्या यायला लागतं," हिराबाई म्हणाली. "जबाब कोन पन देतं. म्हणून कोन तोंड उघडत नाय."

मी आजूबाजूला बघितलं. सगळे चांगले लोक. एकाची रात्रपाळी, एकीची नातवंडं, एकाचं डायलिसिस. प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं खरं होतं. माझ्याकडेही कारणं होती. गुडघे, साखर, घरी नवरा, बोरिवली. मी ती मनात ओळीने मांडली. आणि मग माझा मला राग आला, एवढा की डोळ्यांत पाणी आलं. मावशीने एका जांभईसाठी थांबावं आणि तिच्यानंतर महिनाभर आम्ही माळा हातात घेऊन एकमेकांची तोंडं बघावी.

मी आयुष्यात कधी सुरुवात केली नव्हती. आवाज फाटला. पहिल्या मण्याला पहिला शब्दच चुकला, दुसऱ्यांदा घेतला. मग जबाब आला, दहाबारा गळ्यांतून एकदम, पाठीवर थाप बसावी तसा, आणि मी पुढच्या मण्यावर गेले. मी सावकाश म्हणायचं ठरवलं होतं. तिसऱ्या मण्यापासून मावशीचाच वेग लागला.

संपल्यावर लोक माझ्याकडे बघत पांगले. फक्त डायलिसिसवाल्या काकांनी जाता जाता विचारलं, सात ना? मी मान हलवली. मग बसस्टॉपवर उभी राहून घरी फोन लावला आणि नवऱ्याला, जोसेफला, सांगितलं, उद्यापासून संध्याकाळी मी मालाडला असेन, जेवण साडेआठला होईल, भूक लागली तर स्वतः भात टाक.

तो म्हणाला, "किती दिवस?"

बस येताना दिसली. मी पदर खोचला आणि म्हटलं, "रोज रे."